वाचकांचे प्रश्न : कुंडीतली भेंडी, निबर शेंगा आणि ते भेंडीचं पाणी

मागच्या वेळी घरच्या भाजीपाल्याबद्दल काहीही विचारा म्हटलं आणि पत्रांचा नुसता पाऊस पडला, त्यातही भेंडीवरचेच प्रश्न सगळ्यात जास्त, म्हणून हा अख्खा भाग भेंडीलाच देऊन टाकला. सारखे प्रश्न एकत्र केलेत. तुमचं नाव नसलं तरी उत्तर असेल, शोधा.

ताई, दोनदा बी लावलं, दोन्ही वेळा एकही कोंब वर आला नाही. पाकीट नवीन होतं, पाणी रोज न चुकता घालत होते. काय चुकतंय?

"रोज न चुकता" हेच पहिलं पकडते मी. भेंडीच्या बियाचं कवच टणक असतं, पाणी आत मुरायला वेळ लागतो, आणि तोवर माती गार नि चिखलट राहिली की बी आतल्या आत कुजतं. जरा उकरून बघा, बोटात दाबल्यावर मऊ लगदा झालेला लागला तर समजा हेच झालंय. या बियाला ऊब लागते. मातीचं तापमान २५ ते ३५ अंश असेल तर आठवडाभरात कोंब दिसायला लागतात, तेच १७-१८ च्या खाली गेलं की बी नुसतं पडून राहतं. आणि हवा गरम म्हणजे माती गरम असं नसतं हं, भिंतीच्या सावलीतल्या मोठ्या कुंडीत हात घालून बघा, गारेगार लागते.

तर आता असं करा, बी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, बारा तास भरपूर झाले, दोन दिवस वगैरे ठेवून त्याचं लोणचं करू नका. जे बी शेवटपर्यंत तरंगत राहतं ते बहुतेक पोकळ असतं, काढून टाका. फुगलेलं बी लगेच मातीत, एक ते दोन सेंटीमीटर खोल, त्याहून खाली नको. एका जागी दोन-तीन टाका आणि रोपं बोटभर झाली की त्यातलं दणकट ठेवून बाकीची कात्रीने मातीलगत कापा, उपटायला जाऊ नका कारण खाली मुळं एकमेकांत गुंतलेली असतात. ट्रेमध्ये रोपं तयार करून मग कुंडीत हलवायची हौस बरेच जण करतात, टोमॅटोला ते चालतं, भेंडीला नाही मानवत. हिचं सोटमूळ सरळ खाली घुसतं आणि त्याला धक्का लागला की रोप कितीतरी दिवस रुसून बसतं. जिथे वाढवायची तिथेच पेरा.

अजून एक, बी गुलाबी किंवा निळं दिसत असेल तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. हाताळून झालं की हात साबणाने धुवा आणि उरलेलं पाकीट मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.

कुंडी केवढी घ्यायची आणि एका कुंडीत किती झाडं? बाल्कनीत सकाळचं तीन तास ऊन येतं.

बारा इंच खोल आणि तेवढीच रुंद, यात एक झाड. मोठा ड्रम किंवा ग्रो बॅग असेल तर दोन झाडांत फूटभर अंतर. खाली भोकं हवीतच. मातीत कंपोस्ट किंवा गांडूळखत चांगलं मिसळा, पाणी साचता कामा नये. सामू, म्हणजे मातीचा आंबटपणा दाखवणारा आकडा (pH), ६ ते ७ च्या दरम्यान असला की झालं, त्यासाठी मीटर विकत घेऊ नका.

उन्हाचं मात्र स्पष्टच सांगते. तीन तासांत झाड जगेल, उंच होईल, पानं हिरवीगार दिसतील आणि भेंड्या मोजून दोन-चार येतील. कमीत कमी सहा तास थेट ऊन हवं, आठ असेल तर उत्तम. तेवढं नसेल तर तिथे पालेभाजी लावा, पालेभाज्या कमी उन्हात निभावून नेतात, उगाच भेंडीवर जीव टाकू नका.

झाड माझ्या खांद्याला लागलंय, पानं पंजापेक्षा मोठी, पण फूल नाही! खत दर आठवड्याला देतो.

दादा, खत थांबवा. नत्र जास्त झालं की भेंडी पानांच्याच मागे लागते आणि फुलाचं विसरते. युरिया, ताजं शेणखत, पेंडीचं पाणी, सगळ्यात नत्र भरपूर असतं, आणि "दर आठवड्याला" हे कुंडीतल्या मातीसाठी फारच झालं. तीन-चार आठवडे नुसतं पाणी द्या. पुढे द्यायचंच असेल तर पोटॅशकडे झुकणारं काहीतरी आणि तेही हात राखून.

दुसरं म्हणजे पेरून किती दिवस झाले ते तुम्ही लिहिलंच नाहीये. साधारण चाळीस ते पन्नास दिवसांत पहिली कळी दिसते, काही वाण उशिरा येतात, आणि काही जुने उंच वाण दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय फुलावर येतच नाहीत. पाकिटावर वाणाचं नाव असेल तर बघून घ्या.

फूल सकाळी इतकं सुंदर उमलतं आणि दुसऱ्या दिवशी कोमेजून पडलेलं असतं. ब्रशने परागीकरण करायला पाहिजे का?

नको. भेंडी जास्वंदीच्याच कुळातली, कापूस पण त्याच घरातला, आणि हिचं फूल असतंच एका दिवसाचं. सकाळी उघडतं, संध्याकाळपर्यंत मिटतं, मग पाकळ्या वाळून गळतात. उद्या सकाळी फूल जवळून बघा, फिकट पिवळ्या पाकळ्या, तळाशी गडद मरून ठिपका, आणि मधोमध जो दांडा दिसतो त्याच्याच अंगाला परागकोश चिकटलेले असतात आणि टोकाला मखमली लाल-काळसर गोंडा. नर मादी एकाच फुलात, एकाच दांड्यावर, त्यामुळे बहुतेक वेळा घरातल्या घरात काम उरकतं. मधमाश्या आल्या तर दुधात साखर, नाही आल्या तरी शेंग धरते.

पाकळ्या गळाल्यावर देठाशी बघा. तिथे करंगळीच्या नखाएवढी टोकदार हिरवी शेंग राहिली असेल तर सगळं ठीक चाललंय. पण जर न उमलताच कळी देठासकट पिवळी पडून गळत असेल तर तो वेगळा प्रकार आहे, पाणी कमी-जास्त होणं, फारच कडक उष्णता, नाहीतर वर सांगितलं ते जास्तीचं खत.

घरची भेंडी दिसायला छान पण शिजवली की दोऱ्या दोऱ्या, चावतच नाही. वाण खराब आहे का?

हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की त्याचं उत्तर जरा सविस्तर देते, कारण घरच्या भेंडीचं सगळं गणित इथेच जुळतं किंवा फसतं. वाण बहुतेक ठीकच असतो. तोडायला उशीर होतोय.

फूल उमलल्यापासून चार ते सहा दिवसांत शेंग तोडायला येते. गरम हवेत तर तिसऱ्याच दिवशी बोटभर झालेली असते. ही वाढ इतकी झटपट असते की शुक्रवारी "अजून थोडी मोठी होऊ दे" म्हणून सोडलेली भेंडी सोमवारी निबर मिळते, आणि मग तिच्यात लाकडासारखे धागे तयार झालेले असतात ते कुकरच्या कितीही शिट्ट्या केल्या तरी मऊ होत नाहीत. म्हणून बहर सुरू झाला की एक दिवसाआड झाडापाशी जायचंच, कडक उन्हाच्या दिवसांत रोज. सात ते दहा सेंटीमीटर लांबी बहुतेक वाणांना बरोबर बसते, काही लांब वाण त्याहून मोठे झाले तरी कोवळे राहतात, ते तुम्हाला दोन-तीन तोड्यांत कळेल.

टोक मोडून बघायची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे पण झाडावरच्या प्रत्येक शेंगेचं टोक मोडत बसू नका, मोडलेली जागा काळी पडते. त्यापेक्षा देठ कापताना हाताला काय लागतं ते बघा. कात्री अलगद गेली तर आत कोवळी आहे. कात्रीला जोर करावा लागला तर ती भेंडी भाजीच्या कामाची उरलेली नाही.

आणि निबर झाली म्हणून झाडावर सोडून देऊ नका, इथेच बहुतेक लोक फसतात! झाडाचं काम बी तयार करणं, दोन-तीन शेंगांत बी पक्व व्हायला लागलं की झाडाला वाटतं झालं आपलं, नवीन फुलं येणं मंदावतं. खाण्यासारखी नसली तरी कापून कंपोस्टमध्ये टाका. वेळच्या वेळी तोडत राहिलात तर तेच झाड दोन महिने वगैरे देत राहतं, आणि नाही तोडलंत तर पंधरा दिवसांत "आमच्या झाडाला फक्त पाचच भेंड्या लागल्या" असं पत्र मला येतं.

हाताने ओढून तोडू नका, फांदी सोलून येते. पूर्ण बाह्यांचे कपडे नि हातमोजे घाला, पानांवर आणि शेंगांवर बारीक लव असते, घाम आलेल्या हाताला ती लागली की बराच वेळ खाज सुटते. कूस नसलेले वाण म्हणून जे मिळतात त्यांच्या शेंगा गुळगुळीत असतात पण पानं खाजवतातच.

पानांच्या खाली काचेसारखे बारीक चमकदार दाणे दिसतात आणि झाडावर मुंग्या आहेत. अंडी आहेत का? फवारणी करू?

बोटाने पुसून बघा. लगेच फुटून ओलसर चिकट लागले तर ते झाडानेच बाहेर टाकलेले थेंब आहेत, भेंडीच्या पानांवर, देठांवर असे बरेचदा दिसतात. मुंग्यांना गोड रस मिळतो म्हणून त्या येतात. काही करायचं नाही. पण मुंग्यांच्या जोडीला शेंड्यापाशी हिरवे-काळे मऊ किडे गोळा झालेले दिसले तर तो मावा, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवून काढा, दोन-तीन दिवस सलग.

पानं पिवळी पडतायत पण मधला भाग हिरवा आणि शिराच पिवळ्या, जाळीसारखं दिसतं. नवीन भेंड्या पण पांढरट येतात.

हा केवडा रोग, पिवळा मोझॅक म्हणतात तोच. विषाणूचा आहे आणि झाडाला झाला की त्यावर औषध नाही, कोणी बाटली विकायला आलं तरी घेऊ नका. तो पसरवते पांढरी माशी. पान हलवलं की खालून पिठासारखी बारीक पांढरी पाखरं उडतात बघा, ती. झाड मुळासकट काढा, बाकीच्या झाडांवर पिवळे चिकट सापळे लावा आणि कडुनिंबाच्या तेलाची फवारणी पानांच्या खालच्या बाजूने करा, लिटरभर पाण्याला पाच मिली तेल आणि साबणाच्या पाण्याचे थोडे थेंब, संध्याकाळी फुलं मिटल्यावर, म्हणजे मधमाश्यांना त्रास नको. पुढच्या वेळी रोगाला तोंड देणारा वाण मागून घ्या, तसे वाण मिळतात.

आधी काढलेल्या भेंड्या खाल्ल्या त्याचं काय, असंही खाली लिहिलंय तुम्ही. काही होत नाही, हा झाडांचा विषाणू आहे, माणसाला लागत नाही.

रात्री भेंडी चिरून पाण्यात ठेवायची आणि सकाळी ते पाणी प्यायचं, साखर नॉर्मलला येते म्हणतात. नवऱ्याला गोळी चालू आहे, बंद करून हे देऊ का?

गोळी बंद करू नका. हे आधी, बाकी सगळं नंतर.

आता यात तथ्य किती ते सांगते, कारण अगदीच हवेतली गोष्ट नाहीये. भेंडीचा चिकट बुळबुळीत भाग म्हणजे विरघळणारा तंतू, फायबर म्हणतात तोच. तो आतड्यात जेलसारखा होतो आणि साखर रक्तात जायचा वेग थोडा कमी करतो, हे ओट्स, जवस, इसबगोल सगळ्यांबाबतच खरं आहे. माणसांवरही भेंडीचे अभ्यास झालेत, बरेचसे वाळवलेल्या पावडरीवर, उपाशीपोटीची साखर थोडी उतरल्याचं काहींत दिसलं. पण अभ्यास छोटे आहेत आणि त्यात लोकांची नेहमीची औषधं चालूच होती. रात्रभर भिजवलेल्या दोन भेंड्यांच्या पाण्यात तर त्या तंतूचाही थोडाच भाग उतरतो, बाकीचा भेंडीतच राहतो आणि ती भेंडी लोक फेकून देतात! मग सरळ भाजीच खा ना.

आणि एक गोष्ट जी या भेंडीच्या पाण्याच्या मोबाइलवर फिरणाऱ्या फॉरवर्डमध्ये कोणी लिहीत नाही. २०११ साली उंदरांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात भेंडीचा पाण्यात विरघळणारा भाग आणि मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध एकत्र दिल्यावर औषधाचं शोषण कमी झालेलं दिसलं. उंदरांवरचं आहे, माणसाला जसंच्या तसं लावता येत नाही, पण नवऱ्याची गोळी मेटफॉर्मिन असेल आणि तुम्ही त्याच वेळी ग्लासभर चिकट पाणी देणार असाल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. जेवणात भेंडीची भाजी खायला मधुमेह असलेल्यांना काहीच अडचण नाही, उलट चांगलीच आहे, फक्त ती तेलात पोहत नसावी.

भेंडीत नक्की असतं तरी काय? मुलगी गरोदर आहे, तिला द्यावी का?

जरूर द्यावी. १०० ग्रॅम कच्च्या भेंडीत साधारण ३३ कॅलरी, ९० टक्के पाणी, तीन ग्रॅमच्या वर तंतू, दोन ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. व्हिटॅमिन सी २३ मिलिग्रॅम, कॅल्शियम ८० च्या आसपास, मॅग्नेशियम ५७, आणि फोलेट ६० मायक्रोग्रॅम. हे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यातले आकडे आहेत, वाण आणि ताजेपणा बदलला की थोडे इकडेतिकडे होतात.

गरोदरपणात फोलेटला (गोळीतलं फॉलिक अ‍ॅसिड हे त्याचंच रूप) महत्त्व आहे कारण बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची घडण अगदी पहिल्या आठवड्यांत होते. पण हिशोब करून बघा, गरोदरपणात रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिडची गोळी घ्यायला सांगतात आणि भेंडीच्या अख्ख्या वाटीतून ६०-७० मिळणार, त्यातही शिजवताना काही जाणार. म्हणजे भेंडी गोळीच्या जोडीला, गोळीच्या जागी नाही. लोहासाठी भेंडी खा म्हणणारे पण भेटतील, लोह १०० ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅमसुद्धा नाही, त्यासाठी दुसरं काहीतरी बघा.

चिकटपणा घालवला की सत्त्व पण जातं का? आणि घालवायचा कसा?

चिकटपणा घालवतो म्हणजे खरं तर तो कमी जाणवेल असं करतो, तंतू कुठे जात नाही. भरपूर पाण्यात उकळून पाणी ओतून दिलंत तर मात्र चिकट तंतूही जातो आणि व्हिटॅमिन सी पण, ते तेवढं करू नका.

भेंडी आधी धुवा, फडक्याने कोरडी पुसा, पंख्याखाली जरा पसरून ठेवा आणि मगच चिरा. चिरल्यावर धुतली की मग कोणीच काही करू शकत नाही. पसरट भांडं, चांगलं तापलेलं, भेंडी एका थरात, झाकण अजिबात नको कारण वाफेचं पाणी परत आत पडतं, सारखं ढवळायचं नाही, मीठ शेवटी, आणि काहीतरी आंबट घातलंत तर तार लवकर तुटते. आंबट घालणार असाल तर लोखंडी कढई टाळा, भेंडी काळपट होते, खायला चालते पण दिसायला नको वाटते.

रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. भेंडी बंद करू?

गोळी वॉरफेरिन असेल तर भेंडीतलं व्हिटॅमिन के लक्षात घ्यावं लागतं, १०० ग्रॅममध्ये ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास, पालकापेक्षा खूपच कमी. बंद करायची गरज बहुधा नसते, पण एका आठवड्यात अजिबात नाही आणि पुढच्या आठवड्यात रोज असं करू नका, प्रमाण सारखं ठेवा आणि डॉक्टरांना सांगून ठेवा. मुतखडा ज्यांना ऑक्झलेटचा होतो त्यांनी पण विचारूनच, भेंडीत ऑक्झलेट बऱ्यापैकी असतं.

लाल भेंडी जास्त पौष्टिक का?

थोडीशी. लाल रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा, शिजवली की रंग उडून हिरवीच होते. कुंडीत शोभेला मात्र झकास.

पुढच्या वर्षीसाठी घरचंच बी धरायचंय. कधी काढू?

पाकिटावर एफ-१ किंवा संकरित लिहिलेलं असेल तर धरू नका, पुढची झाडं आईसारखी येत नाहीत, कुठलीही कशीही येतात. सरळ वाण असेल तर सगळ्यात निरोगी झाड निवडा, आधी पोटभर भेंड्या खाऊन घ्या आणि हंगाम संपत आला की त्यावरच्या दोन-तीन शेंगा तशाच राहू द्या. आधी ठेवल्यात तर काय होतं ते वर सांगितलंच आहे. शेंग तपकिरी होऊन कडांनी तडकायला लागली, हलवल्यावर आत खुळखुळ वाजली की कापा. पाऊस लागणार असेल तर थोडी आधी काढून घरात टांगून वाळवा, नाहीतर आतल्या आत बुरशी धरते.

शेजारी कोणी दुसरा वाण लावला असेल तर मधमाश्या दोन्हींची सरमिसळ करू शकतात, त्यामुळे बी धरायची कळी उमलायच्या आदल्या संध्याकाळी पातळ कापडाच्या पिशवीत बांधून ठेवा, शेंग धरली की पिशवी काढा आणि देठाला दोरा बांधा, म्हणजे घरातलं कोणी भाजीसाठी तीच तोडून आणणार नाही. बी आठवडाभर सावलीत वाळवून कागदी पाकिटात, वर वाणाचं नाव आणि वर्ष लिहा. कोरड्या गार जागी दोन वर्षं तरी आरामात टिकतं.